बालमंदिराचे कार्यक्रम कोणासाठी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नाशिकमधील मॉन्टेसरी पद्धतीच्या काही बालमंदिरांनी नव्या वर्षाची कार्यक्रमपत्रिका पालकांना दिल्यानंतर आमच्याकडे बरीच पत्रे आली. कार्यक्रम बदलले आहेत, काही बंद झाले आहेत, आणि त्यामागचे कारण समजून घेण्याची इच्छा बहुतेक पत्रांत दिसते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या शाळेने यंदा स्नेहसंमेलन रद्द करून डिसेंबरमधल्या एका शनिवारी ‘कामाची सकाळ’ ठेवली आहे. त्या दिवशी पालकांनी व आजी-आजोबांनी वर्गात बसून मुलांचे काम पाहायचे आहे. माझ्या सासूबाई दरवर्षी नातीचा नाच पाहायला सिन्नरहून येतात. त्या नाराज आहेत. मुलांना चारचौघांत उभे राहण्याची सवय नको का?
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर : सासूबाईंची नाराजी समजण्यासारखी आहे, आणि एवढा बदल करण्यापूर्वी शाळेने आजी-आजोबांना बोलावून त्यांच्याशी बोलायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्णय मात्र मला योग्य वाटतो. स्नेहसंमेलनातल्या पाच मिनिटांच्या नाचासाठी चार-पाच वर्षांच्या मुलांना कित्येक आठवडे एकाच गाण्यावर उभे केले जाते, आणि तालमीचा हा वेळ सकाळच्या कामाच्या वेळेतूनच काढला जातो. मॉन्टेसरी वर्गात सकाळचे सुमारे तीन तास मूल आपले काम स्वतः निवडते, हवे तितक्या वेळा करते आणि झाल्यावर साधन जागच्या जागी ठेवते. या तीन तासांचे तुकडे पडले, तर पाटीवर मॉन्टेसरी हे नाव असूनही वर्गात त्या पद्धतीचे फारसे काही घडत नाही. शिवाय तालमीत पाऊल चुकले की ते बाई दाखवतात, आणि मूल सारखे बाईंच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. साधनांशी काम करताना त्याला तसे पाहावे लागत नाही.

दट्ट्यापेटीचेच पाहा. चार लाकडी ठोकळे असतात आणि प्रत्येकात दहा दट्टे बसवलेले असतात. एका ठोकळ्यात दट्ट्यांची फक्त जाडी बदलते, एकात फक्त उंची, आणि उरलेल्या दोहोंत जाडी व उंची दोन्ही. अंगठा आणि पुढची दोन बोटे यांच्या चिमटीत वरची बारीक मूठ धरून मूल दट्टा उचलते, सगळे दट्टे सतरंजीवर मिसळते आणि एकेक जागेवर बसवू लागते. बारीक दट्टा मोठ्या भोकात सहज जातो, त्यामुळे त्या वेळी काही चुकल्यासारखे वाटत नाही. शेवटी हातात एक जाड दट्टा उरतो आणि समोर त्याला न घेणारे एक बारीक भोक. मूल थांबते, दट्टा पुन्हा लावून पाहते, मग बसवलेल्या दट्ट्यांवरून नजर फिरवते आणि सैल बसलेला नेमका शोधून बाहेर काढते. हे पाहायला जवळ बसावे लागते आणि गप्प बसावे लागते. त्या क्षणी आजीने ‘अगं, तो तिकडे घाल’ एवढे जरी म्हटले, तरी ते शोधणे मुलीचे राहत नाही. पुढे पेन्सिल धरताना लागणारी तीन बोटांची पकड याच चिमटीतून तयार होत असते.

सासूबाईंनी सिन्नरहून अवश्य यावे. येताना घरातले एखादे लहान पितळी निरांजन किंवा वाटी आणावी, आणि शाळेला आधी विचारून नातीबरोबर ती घासावी. पितळ घासणे हे मॉन्टेसरी वर्गातल्या जीवनव्यवहाराच्या कामांपैकी जुने काम आहे, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या आपल्या शहरात ते शाळेत नसेल तर मला आश्चर्य वाटेल. भिजवलेली चिंच बोटांवर घ्यायची, गोल गोल घासायचे, पाण्याने धुवायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे. आजीने एकदा सावकाश आणि न बोलता करून दाखवावे, म्हणजे मुलीचे लक्ष तिच्या हातांकडे राहील. मग वाटी मुलीच्या हाती द्यावी.

चारचौघांत उभे राहण्याच्या सवयीबद्दल आपण विचारले आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, तेव्हा गोष्टी, गाणी आणि मुलांची नाटुकली यांना त्यांनी मोठी जागा दिली होती. बालमंदिरात रोज गाणे होते, गोष्ट होते, एखादे मूल उठून घरची हकिकत सांगते, आणि समोर वीस-पंचवीस जण ऐकत असतात. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, ज्या मुलांना हवे असेल त्यांनी वर्गातच पालकांसमोर एखादी कविता म्हणावी असे आपण शाळेला सुचवू शकता. ज्याला म्हणायची नसेल त्याने ऐकावी.

प्रश्न : फेब्रुवारीत दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत सहल आहे. मुलगा तीन वर्षांचा आहे. पाठवावे का?
– एक वडील, पाथर्डी फाटा

उत्तर : शाळा लहान गटाने जात असेल, बसमधला वेळ तासाभरापेक्षा जास्त नसेल आणि ओळखीच्या ताई सोबत असतील, तर पाठवा. दोन गोष्टी मात्र शाळेला लेखी विचारा. बागेत शेवटची फवारणी कधी झाली, आणि शेतकऱ्याने मुलांना घड हाताळायला परवानगी दिली आहे का. फवारणीनंतर ठरावीक दिवस गेल्याशिवाय द्राक्षे खायची नसतात, हे बागाईतदार स्वतःच सांगतात, आणि घरी आणलेला घड खाण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवायचा असतो.

प्रश्न : धाकट्या मुलीच्या प्रवेशासाठी अर्ज केला, तर शाळेने आम्हा दोघांना वर्गात अर्धा तास शांत बसून निरीक्षण करायला आणि नंतर मुख्याध्यापिकांशी बोलायला बोलावले आहे. ही पालकांची मुलाखतच नाही का? ती कायद्याने बंद आहे ना?
– एक वडील, इंदिरानगर

उत्तर : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना देणगी घेणे आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी लावणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आहे, त्यामुळे केवळ बालवर्ग चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्यातला विचार प्रत्येक बालमंदिराने पाळावा असे मला वाटते. आपले शिक्षण, पगार किंवा घरात बोलली जाणारी भाषा यांवरून प्रवेश ठरणार असेल, तर ती चाळणी आहे, आणि आपण तिला स्पष्ट नकार द्यावा.

निरीक्षणाला मात्र आवर्जून जा, कारण त्या अर्ध्या तासात पारख आपण शाळेची करायची आहे. मॉन्टेसरी या नावावर कोणाची मालकी नाही, आणि ते कोणीही आपल्या पाटीवर लिहू शकतो. तेव्हा वर्गात बसल्यावर पाहा, की अडीच-तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र आहेत की वयाप्रमाणे वेगळी बसवली आहेत. साधने मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या मांडणीवर आहेत की कुलूपबंद कपाटात? दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा असेल, तर त्यातला सगळ्यांत लहान, एक सेंटिमीटरचा ठोकळा जागेवर आहे का, हे नीट बघा. तो सगळ्यांत आधी हरवतो, आणि जी शाळा तो सांभाळते ती बाकीचेही सांभाळते, असा माझा अनुभव आहे. शिक्षिका खाली बसून एका मुलाशी हळू आवाजात बोलत असेल तर चांगले. ती सगळ्या वर्गाला एकाच वेळी सूचना देत असेल, तर नंतर त्याबद्दल विचारा. तिने बालशिक्षणाचे प्रशिक्षण कोठे व किती काळ घेतले, हेही विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आणि आपण बसलात की कोणाही मुलाशी आपणहून बोलू नका. एखादे मूल जवळ येऊन ‘तुम्ही काय करताय?’ असे विचारेल. ‘मी तुमचे काम बघतोय’ एवढे उत्तर त्याला पुरते.

प्रश्न : शाळेने ‘तिसऱ्या वर्षाची पालकसभा’ ठेवली आहे. आमचा मुलगा पाच वर्षांचा होईल, दोन वर्षे तेथे झाली आहेत. पुढचे वर्ष मोठ्या इंग्रजी शाळेत सीनियर केजीला घातले, तर पहिलीला प्रवेश पक्का होतो असे नातेवाईक सांगतात. सभेला जाण्यात अर्थ आहे का?
– एक आई, नाशिक रोड

उत्तर : सभेला जा, आणि शक्य असेल तर मुलाला तिसरे वर्ष तेथेच राहू द्या. पहिली दोन वर्षे तो मोठ्या मुलांकडे पाहून शिकत होता. तिसऱ्या वर्षी तो स्वतः मोठा होतो, आणि तीन वर्षांच्या मुलीला बटण लावायला शिकवताना त्याला समजते की आपल्याला काय काय येते. मण्यांच्या साधनांनी एकक, दशक, शतक आणि हजार हाताळण्याचे काम, सुट्या अक्षरांनी शब्द मांडण्याचे काम, हे बहुतेक मुलांच्या बाबतीत याच वर्षी भरास येते. दोन वर्षे पेरलेले उगवायच्या वेळी मूल उचलून नेले जाते, हे दरवर्षी पाहताना मला वाईट वाटते.

आपल्या नातेवाइकांची काळजी खोटी नाही. पहिलीच्या प्रवेशाची स्पर्धा खरी आहे, आणि आर्थिक किंवा घरगुती कारणाने कोणाला आधी शाळा बदलावी लागली तर त्यात मूल बिघडत नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरला आहे, आणि खेळातून व कृतीतून शिकण्यावर त्याचा भर आहे, हे लक्षात घ्या. सभेत शाळेला नेमके विचारा, की मागील वर्षी वयाची सहा वर्षे पूर्ण करून बाहेर पडलेली मुले कोणकोणत्या शाळांत गेली, आणि त्या शाळांना मुलाच्या कामाची लेखी माहिती पाठवली जाते का. याचे उत्तर शाळेकडे तयार असायला हवे.

प्रश्न : आमच्या शाळेत दर ३१ ऑगस्टला मॉन्टेसरी जयंती असते. फोटोला हार, भाषण आणि खाऊ असा कार्यक्रम होतो. पालकसंघात आम्ही काही वेगळे सुचवू इच्छितो. शिवाय २०२७ साली तोच दिवस कुंभमेळ्यात येतो. तेव्हा काय करावे?
– पालकसंघाच्या एक सदस्य, पंचवटी

उत्तर : डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. या दिवसाचा आपल्या देशाशी एक वेगळाही संबंध आहे. १९३९ साली त्या मद्रासजवळच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून शिक्षकांना शिकवायला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर त्या इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना स्थानबद्ध केले गेले. मारिओ यांची सुटका झाली ती १९४० मध्ये, मारियाबाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी. त्यानंतर १९४६ पर्यंत त्या भारतातच राहिल्या, शिकवत राहिल्या. ही हकिकत पालकांना सांगा. मुलांना भाषणाची गरज नाही.

त्या दिवशी पालकांनी साधने तयार करावीत, असे मी सुचवते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम करताना महागड्या साधनांची वाट पाहिली नाही. शिंपले, दगड, पाने, फुले अशा गावात मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. खरखरीत अक्षरांचा संच पालकांना सहज करता येतो. जाड पुठ्ठ्याचे सारखे तुकडे घ्यावेत, स्वरांसाठी एक रंग व व्यंजनांसाठी दुसरा. बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरातून अक्षर कापून चिकटवावे. जाड दाण्याचा कागद मुलांच्या बोटांना बोचतो, म्हणून दुकानात तो स्वतःच्या बोटाने घासून पाहूनच घ्यावा. अक्षराची जाडी सगळीकडे सारखी असावी, आणि शिरोरेघ तुटक नसावी. काना, मात्रा, वेलांटी व उकार यांचे तुकडे वेगळे करावेत. मूल दोन बोटांनी अक्षर लिहिण्याच्या दिशेनेच गिरवते आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारते, म्हणून ‘ण’ किंवा ‘क्ष’ची सुरुवात कोठून करायची हे पालकांनी शिक्षिकेकडून आधी समजून घ्यावे. आठ-दहा पालक एका दुपारी एक संच पुरा करू शकतात.

आता कुंभमेळ्याविषयी. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार २०२७ मध्ये २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट ही अमृतस्नाने आहेत, आणि नाशिकचे तिसरे ११ सप्टेंबरला. पंचवटीतल्या शाळेला या दिवसांच्या मागेपुढेही रस्ते बंद असण्याचा विचार करावा लागेल. तेव्हा साधननिर्मिती जुलैतच उरका आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात काहीही ठेवू नका. लहान मुलांना दिनक्रम अचानक बदललेला सोसत नाही. म्हणून वर्गात महिन्याची एक लांब कागदी पट्टी लावावी, सुट्टीचे दिवस वेगळ्या रंगाने रंगवावेत, आणि रोज सकाळी एका मुलाने त्या दिवसावर खूण करावी. आपल्या घरी पाहुणे येणार आहेत आणि शाळा कधी बंद असेल, हे तीन वर्षांच्या मुलाला त्या पट्टीवरून बोटाने दाखवून सांगता येते. हीच पट्टी घरीही लावावी, आणि ज्यांच्या घरी भाविकांची सोय करायची आहे त्या कुटुंबांनी मुलाच्या झोपण्याच्या जागेत काही बदल होणार असेल तर तोही तिच्यावर आधीच दाखवून ठेवावा.