'एम. टी.' म्हणजे मोटार नव्हे

प्रश्न असा आहे: पणजोबा ११४व्या मराठा पलटणीत शिपाई होते. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) त्यांच्या १९१८च्या इस्पितळी नोंदीत एका ओळीत 'एफ. ए., सी. सी. एस., आय. जी. एच., एच. एस.' आहे, तर आजाराच्या रकान्यात आधी 'पी. यू. ओ.', मग ते खोडून 'एम. टी.' आणि शेवटी 'आय. सी. टी.'. एम. टी. म्हणजे मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, तर ते पुढे मोटार चालवू लागले होते का?

नाही. लष्करी कागदात एम. टी.चा तोही अर्थ होतो, पण पलटणीच्या किंवा खात्याच्या रकान्यात. आजाराच्या रकान्यात एम. टी. म्हणजे मॅलिग्नंट टर्शियन, हिवतापाचा जिवावर बेतणारा प्रकार. त्याचा सौम्य भाऊ 'बी. टी.', बिनाइन टर्शियन. यातला टर्शियन म्हणजे आपली तिजारी! ताप येतो एक दिवसाआड, पण ताप भरल्याचा दिवस पहिला धरला की पुढची पाळी तिसऱ्या दिवशी पडते. लॅटिनवाले आणि आपले वैद्य दोघेही असेच मोजत.

त्याआधीचे खोडलेले पी. यू. ओ. म्हणजे 'पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन', ताप आहे पण कशाचा ते कळलेले नाही. हे रोगाचे नाव नव्हेच, डॉक्टरने राखून ठेवलेली जागा आहे. बहुधा पुढे रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, जंतू दिसले आणि एम. टी. लिहिले. ती खोडाखोड मला तरी नोंदीतली सर्वांत बोलकी जागा वाटते. याच जातीचे 'एन. वाय. डी.' कुठे दिसले तर 'निदान अजून व्हायचे आहे' एवढेच समजा.

आय. सी. टी.ला घाबरू नका. 'इन्फ्लमेशन ऑफ कनेक्टिव्ह टिश्यू', म्हणजे कातडीखालची सूज, पू. पायाला बूट लागून चिघळले तरी हेच लिहीत. 'जी. एस. डब्ल्यू.' मात्र फसवे. शब्दशः ती बंदुकीच्या गोळीची जखम, पण तोफगोळ्याच्या कपच्यांनी झालेली जखमही त्याच अक्षरांत नोंदवत. तेवढ्यावरून 'गोळी लागली होती' असे घरी सांगू नये.

उरलेली ओळ आजाराची नाही, प्रवासाची आहे. एफ. ए. म्हणजे फील्ड ॲम्ब्युलन्स; इथे ॲम्ब्युलन्स ही गाडी नाही, आघाडीमागे फिरणारे अख्खे वैद्यकीय पथक. तिथून सी. सी. एस., म्हणजे कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, जखमी-आजाऱ्यांवर उपचार करून त्यांना पुढे पाठवणारे ठाणे. मग आय. जी. एच., इंडियन जनरल हॉस्पिटल, गोऱ्यांसाठी बी. जी. एच., ब्रिटिश जनरल हॉस्पिटल, वेगळे असे. आघाडीवरून तिथवर अनेकांना तैग्रिस नदीतल्या आगबोटींनी आणत. एच. एस. हे हॉस्पिटल शिप, म्हणजे रुग्ण समुद्रापार निघाला. अशी जहाजे मुंबईला येत. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे ती इमारतही त्या काळात लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती.

आता शेवटचा रकाना बघा. 'टू ड्यूटी' असेल तर ते बरे होऊन पलटणीत परतले. 'इन्व्ह.' असेल तर इन्व्हॅलिडेड, आजारपणामुळे परत पाठवलेले किंवा सेवेतून मोकळे केलेले. मग घरात पेन्शनचे कागदही शोधा.