पायाला मुंग्या येतात? आधी एवढंच करा
दादा, मधुमेहानं नसा दुखावल्या की पायाला अशा मुंग्या येतात; घाबरू नका. इन्शुलिन नुसती साखर उतरवत नाही, नसांच्या पेशींना तगायचा, वाढायचा इशाराही देतं. ज्याच्या शोधाला 1986 चं नोबेल मिळालं, तो मज्जातंतू-वाढ घटक (नसांना वाढवणारं शरीरातलं प्रथिन) असाच इशारा देणारा. पण तुटलेली नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. महिन्याभरात फरक शोधू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथं: मुंग्या थांबल्या की इन्शुलिन बंद. अहो, तो बधिरपणाही असू शकतो!

- अनवाणी फिरू नका. मालवणात कालवाच्या शिंपल्यानं माझी टाच चिरली; कळलं घरी, लादीवरचे रक्ताचे ठसे बघून.
- रोज रात्री आरशात तळवे बघा.
- मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व कमी पडूनही मुंग्या येऊ शकतात; ते तपासायचं का, डॉक्टरांना विचारा.

वाढ-घटकांच्या औषधांचं नंतर बोलू.