काशीकारीतली काशी कोणती?

विचारणा अशी आहे : इराणी इमारतींवरच्या चकचकीत फरश्यांना 'काशीकारी' म्हणतात, म्हणजे ती कला बनारसहून तिकडे गेली का? आणि भांड्या-फरश्यांवरच्या सोनेरी झळाळीला, म्हणजे 'लस्टर'ला, 'सोन्याचा मुलामा' म्हटलं तर चालेल का?

आधी मुलाम्याचं बोलू, कारण तो ऐकून कान किटलेत. मुलामा वरून चढवतात. लस्टरमध्ये सोनं तर कणभरही नसतं. पांढरी झिलई देऊन एकदा भाजलेल्या फरशीवर चांदी-तांब्याची संयुगं मातीत कालवून नक्षी काढायची आणि धूर कोंडलेल्या भट्टीत ती मंद आचेवर पुन्हा भाजायची. धातू झिलईच्या आत उतरतो. निवल्यावर वरची करपलेली माती पुसली की झळाळी दिसते. 'धातुझळाळी' म्हणा, मुलामा नको.

आता काशी. बनारसचा इथे काडीचाही संबंध नाही. इराणातलं काशान शहर हे अशा भांड्या-फरश्यांचं मोठं केंद्र. तिथलं ते काशानी, आणि त्याचंच 'काशी'. काही पंडित 'काश्' म्हणजे चमकणे हा क्रियापदाचा धातू पुढे करतात. चमक दिसली की संस्कृत धातू चिकटवायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. याकूत हा भूगोलकार (मृत्यू 1229) स्वच्छ लिहून गेलाय की काशानहून 'काशानी' भांडी येतात आणि सामान्य लोक त्यांना 'काशी' म्हणतात. म्हणजे शब्दाचं शेपूट लोकांनीच छाटलं! माझं ठाम मत आहे की अशी नावं कारागीर देत नाहीत, बाजारातलं गिऱ्हाईक देतं. पैठणीला पैठणी म्हणायची गरज पैठणबाहेरच्यांना पडते. याकूतचे 'लोक' म्हणजे हेच गिऱ्हाईक.

चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने इराकातल्या नजफला अशा फरश्यांच्या भिंती पाहिल्या. आपल्या देशातल्या वाचकांना तो सांगतो, हे 'काशानी' आपल्याकडच्या जलीजसारखंच (जलीज म्हणजे तिकडचं झिलईदार फरश्यांचं काम), पण रंग अधिक तेजस्वी आणि नक्षी अधिक देखणी. याच जलीजचा पोर्तुगीजांनी 'अझुलेजो' केला, तो पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतींवर पाहायला मिळतो. तोही 'अझुल' म्हणजे निळा यावरून आला, असं छातीठोक सांगणारे आहेतच. पुरावा काय, तर फरश्या निळ्या!

मात्र काशीकारी आणि लस्टर एक नव्हेत. ट्युनिशियात कैरवानच्या मशिदीत मिहराबाभोवती (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती) कोपऱ्यावर उभ्या बसवलेल्या, सुमारे 21 सेंमीच्या चौकोनी फरश्या नवव्या शतकातल्या, खऱ्या लस्टरच्या. तेव्हा हे तंत्र इराकात होतं. काशानला ते बहरायला आणखी तीनेकशे वर्षं लागली. म्हणून कैरवानच्या फरश्यांना काशीकारी म्हणणं चूक. उलट बिदरला महमूद गावानच्या मदरशावर (1472) उरलेल्या फरश्यांना काशीकारी जरूर म्हणा, फक्त त्यांत लस्टर शोधू नका.