टीम हरली की घर गप्प

"मॅडम, कॉलेजची टीम हरली म्हणून माणूस तीन-तीन दिवस बोलत नाही, हा आजार आहे की नुसता हट्ट?" डिसेंबर 2018 मध्ये समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी पहिलाच प्रश्न हा विचारला. मिशिगनमधल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला जवळजवळ दर हिवाळ्यात ऐकू येतो. बहुधा पत्नी विचारते, कधी आई विचारते, एकदा तर सासऱ्यांनी जावयाबद्दल विचारला होता. म्हणून या एका कुटुंबाची हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

घडले होते ते असे. नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो. 1897 मध्ये हे दोन संघ प्रथम समोरासमोर आले आणि आज त्यांचे वैर इतके मुरले आहे, की त्या आठवड्यात ओहायोच्या विद्यापीठात पाट्यांवरच्या 'एम' या अक्षरावर लाल फुल्या मारल्या जातात. 2018 मध्ये मिशिगन देशात चौथ्या क्रमांकावर होता आणि यंदा आपणच जिंकणार असे सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, 62–39 असा धुव्वा उडाला. त्याच संध्याकाळी या घरी चार कुटुंबे जेवायला येणार होती. बाईंनी आदल्या रात्रीच चक्का टांगून ठेवला होता. पाहुणे आले, पुऱ्या तळून झाल्या, पण यजमान वरच्या खोलीतून खाली उतरलेच नाहीत. "त्याला बरं नाहीये," असे बाई सांगत होत्या. पाहुण्यांपैकी दोघांच्या अंगात मिशिगनचेच स्वेटशर्ट होते आणि तरी ते मजेत श्रीखंड खात होते. "दुःख त्यांनाही झालंच असेल ना? मग यालाच काय होतं?" असे बाईंचे म्हणणे होते.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शनिवारी दुपारी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून आयपॅडवर स्कोअर पाहतो आणि मित्राकडे राहायला जाण्याची परवानगी आज मागायची की नाही, हे त्यावरून ठरवतो. त्यांनी ती गंमत म्हणून सांगितली होती. मी मात्र वहीत तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

अशा वेळी मी आधी काही गोष्टी तपासते: दारू किती, पैज लावतात का, हात उगारला जातो का, नोकरीवर परिणाम होतो का. (जानेवारी 2021 पासून मिशिगनमध्ये ऑनलाइन पैज लावता येते, तेव्हापासून पैजेचा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते.) येथे यांपैकी काहीही नव्हते. त्यामुळे हा आजार नाही, असे मी बाईंना स्पष्ट सांगितले, आणि त्याने त्यांचे समाधान झाले नाही. आजार असता तर निदान औषध तरी असते, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

जानेवारीत पती स्वतः आले. ते मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. 2006 च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, आले. लाखाहून अधिक लोक बसतील अशा त्या मैदानात पहिल्या शनिवारी गेले तेव्हा चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, एवढेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते समजावले आणि पहिला टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) झाल्यावर त्यांना घट्ट मिठी मारली. "इथे येऊन तीन आठवडे झाले होते. तोवर मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता," ते म्हणाले. त्या हंगामात मिशिगनने ओळीने अकरा सामने जिंकले आणि मग पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओहायो स्टेटकडून 42–39 अशी हार पत्करली. त्या 2006 पासून 2018 पर्यंत ओहायोविरुद्ध मैदानावर मिळालेला विजय एकच, 2011 सालचा.

अशा माणसाला "एवढा काय तो खेळ" असे म्हणण्यात अर्थ नसतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 1976 मध्ये छापलेले संशोधन प्रसिद्ध आहे: सात विद्यापीठांतल्या पाहणीत, संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक दिसले, आणि दुसऱ्या एका पाहणीत, विजयाबद्दल बोलताना विद्यार्थी 'आम्ही' म्हणतात, पराभवाबद्दल बोलताना 'ते'. आमचे हे गृहस्थ 62–39 नंतरच्या सोमवारीही मिशिगनची पिवळी-निळी टोपी घालून कामावर गेले होते आणि माझ्यासमोर "आपण हरलो" असेच म्हणत होते. त्या 'आपण'मध्ये त्यांनी मलाही धरले होते, याची मला तेव्हा गंमत वाटली. संघाशी असे घट्ट नाते असलेल्यांना एकटेपणा कमी जाणवतो, असे डॅनियल वॅन या मानसशास्त्रज्ञाचे अनेक वर्षांचे काम सांगते, आणि परक्या देशात आलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

"मी कधी आवाज चढवला नाही," हे मात्र ते पुन:पुन्हा सांगत होते. ते खरेही होते. तेव्हा मी त्यांना लुईझियानाचा एक अभ्यास सांगितला, कारण ते इंजिनिअर आहेत आणि आकड्यांतून सांगितलेले त्यांना पटते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन अर्थशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांना दिलेल्या शिक्षा तपासल्या. तेथील राज्य विद्यापीठाचा फुटबॉल संघ अनपेक्षितपणे हरला, की पुढच्या आठवड्यातल्या शिक्षा लांबलेल्या आढळल्या, आणि हा परिणाम मुख्यतः त्याच विद्यापीठात शिकलेल्या न्यायाधीशांमध्ये दिसला. त्या न्यायाधीशांनीही आवाज चढवला नसणार. हे ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग मी जिन्यावरच्या आयपॅडची गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत नव्हती.

पुढच्या भेटीत ते वडिलांबद्दल बोलले. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या आणि तालमींच्या नावाने खेळला जातो. तो पायाने खेळायचा, अमेरिकन फुटबॉलहून पूर्ण वेगळा, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांचा सामना ज्याने पाहिला आहे त्याला निष्ठा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पेठ हरली की वडील जेवत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत, आणि आई मुलांना खुणेनेच अंगणात काढत असे. "मला वाटायचं, पुरुषानं हरणं असंच सोसायचं असतं," ते म्हणाले.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही, आणि त्यात माझीही चूक होती. सामना थेट न पाहता रात्री रेकॉर्डिंग पाहा, असे मी सुचवले. सप्टेंबर 2019 मध्ये विस्कॉन्सिनविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी त्यांनी ते मान्य केले आणि भाजी आणायला म्हणून बाहेर पडून दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, रेडिओवर 35–14 असा पराभव ऐकला. कोथिंबीर तेवढी विसरले. मग मी माझ्या सूचना बाजूला ठेवल्या आणि काय जमेल ते त्यांनाच ठरवायला सांगितले. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: निकाल काहीही लागो, सामन्यानंतर फोन घरी ठेवून तासभर चालायला जायचे, आणि परत आल्यावर मुलाला एक वाक्य मोठ्याने सांगायचे, "मला वाईट वाटतंय, पण ते तुझ्यामुळे नाही." बाईंनी त्यात आपली एक अट घातली, की त्या शनिवारी घरी पाहुणे नकोत. खेळ शिकून घ्या, सोबत बसा, असे मी त्यांनाही सुचवून पाहिले, तर त्यांनी सरळ नकार दिला. मला तो नकार योग्यच वाटला. नवऱ्याची आवड सहन करता यावी म्हणून ती आपलीही करून घ्यायलाच हवी, असे नाही.

30 नोव्हेंबर 2019 रोजी ॲन आर्बरमध्येच 56–27 अशी हार झाली. रात्री बाईंचा निरोप आला: "चालून आला. वाक्य म्हणाला, पण फार घाईत. वरणभात जेवला. मुलगा शेजारीच बसला होता, त्यानं कॅम्पिंगची परवानगी मागितली, मिळाली."

2020 चा सामना कोविडमुळे झाला नाही. 2021 मध्ये मिशिगनने ओहायो स्टेटला 42–27 असे हरवले, आणि मंगळवारी बाईंचा फोन आला. "मॅडम, शनिवारपासून हा बोलतोच आहे. कोल्हापूरला आईंना फोन करून एकेक डाव समजावून सांगतो, त्यांना ओ की ठो कळत नाही. ह्याचं काय करायचं?"