अठरा पूर्ण होण्याआधीची तयारी

मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या मानसोपचार ओपीडीत जाणाऱ्या पेशंटची तयारी सतराव्या वाढदिवसालाच सुरू करा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत पालक आपोआप नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत पेशंटला साथ देणारी व्यक्ती, असतात. नंतर तो कोण, हे पेशंट स्वतः ठरवतो. साध्या कागदावर लिहून खाली सही किंवा अंगठा, आणि निवडलेल्या व्यक्तीची लेखी संमती, एवढं लागतं. तब्येत स्थिर असतानाच लिहून घ्या.

फाइलींचा गठ्ठा नव्या डॉक्टरांपुढे ठेवू नका, गर्दीच्या ओपीडीत तो वाचून होत नाही. एकाच पानावर निदान, चालू औषधं मिलिग्रॅमसह, कुठलं औषध का बंद केलं आणि आजार उलटण्याआधीच्या खुणा लिहा: झोप तीन तासांवर येणं, भरलेलं ताट तसंच सरकवणं. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तातल्या पातळीचा शेवटचा रिपोर्ट जोडा.

मुलं निसटतात ती मधल्या फटीत. इकडची फाइल बंद, तिकडची तारीख नाही, गोळ्या संपलेल्या. म्हणून नवी पहिली भेट प्रत्यक्ष होईपर्यंत जुना केस पेपर बंद करू नका. आणि पेशंट आता सज्ञान, म्हणून डॉक्टर आईला बाहेर बसायला सांगू शकतात, हे तिला आधीच समजावा, नाहीतर ती फार दुखावते. अडीअडचणीला, रात्रीसुद्धा, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: 14416.