बलाढ्य संघासमोर आपली संधी कशी जोखावी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या चाहत्याने प्रतिस्पर्ध्याचे मानांकन पाहून हाय खाऊ नये, आणि केवळ निष्ठेपोटी विजय गृहीतही धरू नये. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाने नॅशव्हिलमध्ये अव्वल मानांकित अलाबामा विद्यापीठाला ४०-३५ असे हरवले, तो सामना आपण मुद्दाम बारकाईने पाहावा. ६० मिनिटांच्या त्या सामन्यात ४२ मिनिटांहून अधिक काळ चेंडू व्हँडरबिल्टकडे होता आणि तिसऱ्या डाउनच्या (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या) १८ पैकी १२ प्रयत्नांत त्यांनी आवश्यक अंतर कापले. त्यामुळे अलाबामाच्या वेगवान आक्रमणाला तेवढा वेळ मैदानाबाहेरच थांबावे लागले. किती सुंदर खेळले ते!

म्हणून आपल्या संघाचा अंदाज बांधताना क्वार्टरबॅकच्या (आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या) नावापेक्षा आक्रमक फळीतील पाच धिप्पाड खेळाडूंकडे आधी पाहावे, कारण पहिल्या डाउनला चारेक यार्ड मिळवून देणारी फळी असेल तरच तिसऱ्या डाउनला थोडे अंतर उरते आणि चेंडू आपल्याकडे टिकतो. मात्र राखीव खेळाडूंच्या दर्जातील तफावत, माझ्या मते, नवखे चाहते सर्वाधिक दुर्लक्षितात. पहिल्या सत्रात बरोबरीने झुंजणारा संघ चौथ्या सत्रात ढेपाळतो तो बहुधा याच कारणाने, तेव्हा सामन्याआधी दुखापतींची यादी, विशेषतः बचावफळीतील नावे, अवश्य तपासावी.