वाचक विचारतात: जर्मनीत बेकारी ६ टक्के की साडेतीन?

प्रश्न: माझा भाचा श्टुटगार्टजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो म्हणतो मामा इथे बेकारी ६ टक्क्यांवर गेलीय, पण मी एका तक्त्यात २०२४ साठी जर्मनीपुढे साडेतीनच्या आसपास वाचलं, त्याच तक्त्यात अमेरिका ४ आणि जपान अडीच. नक्की खरं काय? (सांगलीचे एक वाचक)

उत्तर: दोन्ही खरं आहे, आणि भाचा खोटं बोलत नाहीये! ६ टक्के हा जर्मनीच्या रोजगार कचेरीचा आकडा, म्हणजे जे स्वतः जाऊन नाव नोंदवतात त्यांचा. साडेतीनचा आकडा येतो घरोघरच्या सर्व्हेतून, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे. समजा एक बाई शनिवारी दोन तास बेकरीत पाव विकते आणि बाकी आठवडा फुल टाइम काम शोधतेय, तर कचेरीच्या हिशोबात ती बेकार, कारण आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम असलं तरी तिथे बेकार म्हणून नाव राहू शकतं, पण सर्व्हेत आठवड्यात एक तास जरी पैशासाठी काम केलं की झालात तुम्ही नोकरदार. बाई तीच, फक्त वही वेगळी.

अमेरिकेच्या बेकारी दरात नाव नोंदवायची भानगडच नाही, तो दरमहा सुमारे ६० हजार घरांना विचारून काढतात. म्हणून अमेरिकेच्या ४ समोर भाच्याचे ६ ठेवायचे नाहीत, साडेतीनच ठेवायचे.

आता एवढं करूनही गंमत संपत नाही बरं का. एप्रिल २०२० घ्या, लॉकडाऊनचा महिना. अमेरिकेचा दर एकदम १४.७ टक्के, आणि जर्मनीचा सर्व्हेवाला दर ४ च्या आसपासच! म्हणजे जर्मनीत सगळे कामावर जात होते का, तर अजिबात नाही, तिथे साधारण ६० लाख लोक ‘कुर्त्सआर्बाइट’वर होते, म्हणजे काम कमी किंवा शून्य पण नोकरी कायम, आणि हातात येणारा जेवढा पगार बुडाला त्याच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रोजगार कचेरीकडून (पुढे काही महिन्यांनी ते वाढवलेही). हे सगळे नोकरदार. अमेरिकेत मात्र मालकाने ‘पुढे बोलावतो’ म्हणून घरी पाठवलेले बेकारांत धरतात, तिथल्या २.३ कोटी बेकारांपैकी १.८ कोटी तसलेच होते. जपानमध्येही त्या महिन्यात जवळजवळ ६० लाख लोक कामावरून घरी बसलेले, आणि दर किती तर २.६! मला विचाराल तर अशा वेळी नुसत्या दरावरून देशांचे नंबर लावणं म्हणजे शुद्ध टाइमपास.

प्रश्न: २०१३ ला स्पेनमध्ये निम्म्याहून जास्त तरुण बेकार होते म्हणे. देश चालत कसा होता? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: दर ५५ टक्क्यांच्या आसपास होता हे खरं, पण तो सगळ्या तरुणांचा नाही, काम करणारे आणि काम शोधणारे मिळून होतात एवढ्यांचाच. पंचविशीच्या आतली पुष्कळ पोरं कॉलेजात असतात आणि काम शोधत नसतात, ती या हिशोबात येतच नाहीत. सगळे तरुण धरले तर साधारण पाचातला एक बेकार होता. तोही काही थोडा नाही म्हणा.